ग्रॅटिस
‘मोबदला न घेता किंवा न देता’, ‘विनामूल्य’ या अर्थाचे इंग्रजी क्रियाविशेषण. ते पंधराव्या शतकात लॅटिनमधून इंग्रजीत आले. लॅटिन ‘ग्रातीस’ हे ‘ग्रातिईस’ या रूपाचा संकोच असून ते ‘ग्रातिआ’ (कृपा, अनुग्रह, आभार) या नामाचे अनेकवचन होय. त्याची विभक्ती संस्कृतातील तृतीया व पंचमी या दोहोंचे कार्य करते. म्हणून ‘केवळ कृपेने, आभारापलीकडे काही न घेता’ असा त्याचा मूळ अर्थ. प्लॉटस (मृत्यू इ. स. पू. १८४) व टेरेन्स या नाटककारांच्या कृतींत असंकुचित रूप आढळते.

‘ग्रातिआ’ हे नाम ‘ग्रातुस’ (प्रिय, कृतज्ञ) या विशेषणापासून झाले. त्याच्या मुळाशी ‘स्तुती करणे’ या अर्थाचा इंडो-यूरोपीय धातू आहे. संस्कृतातील ‘गृणाति’ (स्तवितो), वैदिक ‘गूर्त’ (स्तुत, प्रिय) व ‘गिर्’ (वाणी, स्तुती) हे शब्द त्याच धातूचे होत. ‘गिळणे’ या अर्थाचा ‘गॄ’ धातू मात्र वेगळा. मूळ धातूतील ओष्ठ्य छटेच्या ‘ग्’चा ऑस्कन व केल्टिक भाषांत ‘ब्’ झाला; त्यामुळे ऑस्कन ‘ब्रातेइस’ (अनुग्रहाचा) आणि केल्टिकमधून इंग्रजीत आलेला ‘बार्ड’ (स्तुतिगायक, कवी) हे शब्दही याच कुळातील ठरतात.

विनामोबदला सेवेच्या कल्पनेला रोमन विधीत महत्त्व होते. दुसऱ्याचे काम करून देण्याचा ‘मांदातुम’ हा करार विनामूल्य असणे आवश्यक मानले जाई. इ. स. पू. २०४ च्या किंकिअन कायद्याने वकिलांना पक्षकाराकडून धन वा भेट घेण्यास मनाई केली. परंतु ती सर्रास मोडली जाई. अखेर इ. स. ४७ मध्ये सम्राट क्लॉडियसने १०,००० सेस्टर्सेसपर्यंत मोबदला घेण्यास मुभा दिली. अशा सेवेबद्दल आदरापोटी दिलेल्या रकमेस ‘होनोरारिउम’ ही संज्ञा रूढ झाली. मराठी ‘मानधन’ हा शब्द तिच्याशी अर्थाने जुळतो.

‘ग्रेस’, ‘ग्रॅटिट्यूड’, ‘काँग्रॅच्युलेट’ व ‘ॲग्री’ हे इंग्रजी शब्द याच मुळापासून आले आहेत. ‘ग्रॅच्युइटी’ म्हणजे मुळात खुशीने दिलेली देणगी. भारतात मात्र १९७२ च्या अधिनियमाने, सामान्यतः सलग पाच वर्षे सेवा केलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान देणे मालकावर बंधनकारक केले. कृपावाचक शब्द अशा रीतीने हक्काचा वाचक झाला.