सुधारकांच्या घरातील पिढ्यांचे अंतर

दोन पिढ्यांच्या मतभेदांविषयी आपण बोलू लागलो, की जुनी पिढी ती सनातनी आणि नवी ती सुधारक, असे एक सोयीचे गृहीत बहुधा आपल्या मनात आधीच ठाण मांडून बसलेले असते; परंतु ज्या घराण्याला महाराष्ट्राने सुधारणेचे अग्रणी मानले, त्या कर्व्यांच्या घराण्याचाच इतिहास पाहिला, तर हे गृहीत टिकत नाही.

धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर, 1893 साली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा होऊन 37 वर्षे लोटली होती. पण सरकारी कायद्याचा अंमल निराळा आणि गावचा अंमल निराळा. नवदांपत्य कोकणात मुरुडला गेले तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरवून ठराव केला, की ज्या जाजमावर कर्वे बसतील त्यावर कोणी बसू नये, आणि भावाने त्यांना घरात घेतले तर त्या भावालाही वाळीत टाकावे. ज्या गावात आपले बालपण गेले, तेथे आईच्या घराचा उंबरठाही आपल्या येण्याने संकटात यावा, हे दुःख सामान्य नव्हे. पुढे 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढताना अण्णासाहेबांनी विधवांच्या शिक्षणाचे कार्य पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळे ठेवले, ते भित्रेपणाने नव्हे; एरवी भिणारे आईबापही आपल्या विधवा मुली तेथे निर्धास्तपणे धाडतील, हा त्यांचा हिशेब होता आणि तो खरा ठरला.

त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव मात्र असा हिशेब मांडणारे नव्हते. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या गृहस्थांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी महाविद्यालयातील नोकरीला मुकले, आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून कामजीवनाविषयी जे लिहिले ते त्या काळच्या सुधारकांनाही उघडपणे वाचवेना. त्यांच्यावर अश्लीलतेच्या फिर्यादी झाल्या. 1934 सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पित्याने विधवेला गृहिणीपद परत मिळवून दिले. आता पुत्र असे म्हणत होता, की गृहिणीने किती वेळा माता व्हावे हे तिचे तिनेच ठरवावे.

याहूनही बोधप्रद मामला स्नुषेचा, म्हणजे इरावतीबाईंचा आहे. ज्यांनी 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले, त्याच अण्णासाहेबांना आपल्या सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे हे रुचले नाही. पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले म्हणून ती बर्लिनला गेली आणि मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहून मानववंशशास्त्राची विदुषी होऊन परतली. यात वृद्धाची विसंगती शोधण्यापेक्षा त्याची दृष्टी समजून घेणे मला अधिक न्यायाचे वाटते. अण्णासाहेबांच्या विद्यापीठाची कल्पनाच मुळी अशी होती, की स्त्रीला तिच्या मातृभाषेतून, तिच्या गृहकर्तव्याला पोषक असे शिक्षण मिळावे. घर हे तिचे क्षेत्र, हा आधार त्यांनी कधी हलवलाच नव्हता. इरावतीबाईंना मात्र स्वतःची अशी निराळी मर्यादा मान्य नव्हती. पुरुष संशोधकाला जे क्षेत्र खुले, ते त्यांनाही खुले हवे होते. आणि त्यांची कन्या गौरी देशपांडे यांच्या कथा-कादंबऱ्यांतील नायिका तर विवाहबंधनालाच प्रश्न विचारू लागल्या.

मला असे वाटते, की ज्याने एका सुधारणेसाठी बहिष्कार सोसला, त्याला पुढच्या सुधारणेची किंमतही त्याच बहिष्काराच्या मापाने दिसते. आणि ज्याला ती पहिली सुधारणा जन्मतःच मिळाली, त्याला ते माप ठाऊकच नसते. म्हणून वडील ज्याला सावधगिरी म्हणतात त्यात मुलाला माघार दिसते, आणि मुलगा ज्याला न्याय म्हणतो त्यात वडिलांना केलेल्या कामाचा घात दिसतो. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात.

ज्या घरात आज मुलीच्या लग्नावरून किंवा नोकरीवरून असा वाद चालू असेल, तेथे आईबापांनी आणि मुलांनी अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ आणि आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंचे ‘माझे पुराण’ ही दोन्ही पुस्तके मिळवून एकत्र वाचावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.