मुक्त स्रोत बेंच पॉवर सप्लाय

बेंच पॉवर सप्लाय हे इलेक्ट्रॉनिक मंडलांची जुळणी व दुरुस्ती करताना हवा तो स्थिर एकदिश विद्युतदाब पुरवणारे, टेबलावर ठेवण्याजोगे उपकरण होय. ज्याचे आराखडे व नियंत्रक प्रणाली सर्वांस खुली असते, त्यास मुक्त स्रोत म्हणतात.

या उपकरणाचे खरे मोल धारामर्यादेत आहे. नवे मंडल प्रथम जोडताना मर्यादा १०० मिलिअँपिअरवर ठेवली, तर शॉर्टसर्किट होताच दाब आपोआप उतरतो आणि घटक बहुधा वाचतात. विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या एलएम ३१७ या नियंत्रकातही मर्यादा असते. पण ती आतूनच ठरलेली आणि नाजूक घटकांच्या दृष्टीने फार मोठी. शिवाय २४ व्होल्टांतून ५ व्होल्ट, १ अँपिअर घेताना अशा रेषीय नियंत्रकात १९ वॉट उष्णतेत जातात. स्विचिंग पद्धतीत हा अपव्यय कमी होतो, म्हणूनच उपकरण आटोपशीर होते. मात्र दाबात बारीक तरंग राहतात.

क्रोएशियातील ‘ईईझेड बेंच बॉक्स ३’ या खुल्या रचनेत तीन मॉड्यूल बसतात. ‘ओपनडीपीएस’ ही प्रणाली ५० व्होल्ट, ५ अँपिअरच्या डीपीएस ५००५ या तयार चिनी मॉड्यूलवर चालते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात न मिळणारा सुटा भाग नमुन्यावरून घडवून घेता येतो. खुल्या आराखड्यामुळे तीच सोय या उपकरणास लाभते. मात्र २३० व्होल्टांची बाजू घरी न जुळवता प्रमाणित, विलगित अडॅप्टर वापरणे इष्ट.