डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’

हातात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 168 आल्याचा रिपोर्ट, आणि तोंडी ठरलेलं वाक्य: ‘पण आमच्याकडे तेल कोलेस्टेरॉल फ्रीच येतं!’ ऐकून ऐकून कान किटले. अहो, तेल कोलेस्टेरॉल फ्रीच असतं. शेंगदाणा घ्या, करडई घ्या, पाम घ्या. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरातला पदार्थ, वनस्पतीत तो जवळपास नसतोच. खाद्यतेलाच्या डब्यावर ते मिरवणं म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘साखरविरहित’ छापणं.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर असतात. त्यांच्या शोधाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी पोटात जास्त गेली की हे रिसेप्टर कमी पडतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. तेव्हा बघायची ती संपृक्त चरबी. पामतेलात ती जवळपास निम्मी, खोबरेलात 80 टक्क्यांहून जास्त, करडईत 10 टक्क्यांच्या आतबाहेर.

फरसाणाचं एखादं पाकीट उलटं करून बघा. घटकांच्या यादीत मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘पामोलीन’ सापडेल, आणि खालच्या चौकटीत ‘सॅच्युरेटेड फॅट’चा आकडा. तोही बहुधा 100 ग्रॅमचा. आपण चहाबरोबर किती फस्त केलं, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

‘आम्ही शाकाहारी’ हे याच समजुतीचं भावंड. लोणी, साय, चीज, खारी, नानकटाई हे सगळं शाकाहारीच आहे. साजूक तुपात संपृक्त चरबी 60 टक्क्यांच्या आसपास असते आणि तूप घरी कढवलेलं आहे म्हणून यकृत सवलत देत नाही.

बारीक माणसांचंही एलडीएल वाढतं. ‘मला काही त्रास नाही’ याला अर्थ नाही, कारण वाढलेलं कोलेस्टेरॉल बहुधा जाणवतच नाही. अंड्याला उगाच बदनाम केलंय. बहुतेकांच्या बाबतीत त्याच्याबरोबरचं बटर जास्त नडतं.

आता कोलेस्टेरॉल उतरवतो म्हणून फॉरवर्ड होत फिरणारा लसूण-आलं-लिंबाचा काढा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पोर्ट’ या अमेरिकन चाचणीत लसूण, हळद, दालचिनी, माशाचं तेल अशी सहा पूरकं 5 मिलिग्रॅम रोझुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या गोळीसमोर उभी केली होती. 28 दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी उतरवलं. पूरकांपैकी एकही नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरलं नाही. लसूण फोडणीत घाला, छान लागते.

मग घरगुती काहीच चालत नाही? चालतं की. लोणी-वनस्पती तुपाच्या जागी करडई किंवा सूर्यफूल (वरून जादा नव्हे, जागी), आणि विरघळणारा तंतू. ओट्स आणि जव यांतला बीटा-ग्लुकन रोज 3 ग्रॅम पोटात गेला, तर एलडीएल साधारण 5 टक्क्यांनी उतरतं. त्यासाठी 75 ग्रॅमच्या आसपास ओट्स लागतात. उपम्यावर भुरभुरून भागत नाही. इसबगोल, राजमा, वाल याच कामाचे. चालण्याचा फायदा ट्रायग्लिसराइडला जास्त, एलडीएलला थोडा.

मात्र सुमारे 250 माणसांत एकाला एलडीएल वाढण्याचा दोष आनुवंशिक असतो. एलडीएल 190 च्या वर असेल, घरात कुणाला ऐन चाळिशीत हार्ट अटॅक आला असेल, तर जवाची पेज पुरणार नाही. तिथे डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका, आणि मुलांचंही रक्त तपासून घ्या.