फेस, स्वच्छता आणि त्वचेचे आरोग्य

आमच्या त्वचाविकार विभागात हाताच्या इसबाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांमध्ये चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी पुष्कळ असतात. क्वचित आमच्याच परिचारिका आणि मावशीही असतात. बोटांच्या बेचक्यांत लाली, खाज, भेगा. "साबण बदलून पाहिला, गुण आला नाही," असे बहुतेकजणी सांगतात. तेव्हा साबणात असते तरी काय, हे थोडे विस्ताराने मांडणे आम्हांस उचित वाटते.

साबण, शाम्पू, टूथपेस्ट, फेसवॉश या सर्वांचे मुख्य कार्य पृष्ठसक्रिय द्रव्ये करतात. या द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे तेलाकडे ओढ घेणारे असते. ही द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. तैलस्नेही टोके मळातील स्निग्धांशात रुततात, असंख्य रेणू मिळून त्याभोवती सूक्ष्म गोलक तयार करतात आणि मळ पाण्याबरोबर वाहून जातो. अडचण अशी की, मळातील तेल कोणते आणि त्वचेचे स्वतःचे कोणते, हा भेद या रेणूंना कळत नाही. त्वचेच्या सर्वांत बाहेरील थरात पेशींच्या मधोमध सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा लेप असतो. तो शरीरातील ओलावा आत राखतो आणि बाहेरील उपद्रवी द्रव्यांना अटकाव करतो. वारंवार धुण्याने हा लेप झिजतो, त्वचेतील प्रथिने फुगतात आणि पुढील प्रत्येक धुणे अधिक झोंबते.

पारंपरिक साबण म्हणजे तेल व अल्कली यांच्या संयोगातून झालेले मेदाम्लांचे क्षार. त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साबणाचा ९ ते १०. साबण आम्लधर्मी करू गेल्यास तो साबणच राहत नाही. विंधनविहिरीच्या दुष्फेन पाण्यात तो कॅल्शियमशी संयोग पावून चिकट साका धरतो. बादलीच्या कडेला दिसणारा पांढुरका थर तोच.

ही उणीव कृत्रिम प्रक्षालकांनी भरून काढली. त्यांतील सर्वांत परिचित सोडियम लॉरिल सल्फेट होय. भरपूर फेस व अल्प किंमत यांमुळे ते लोकप्रिय झाले. परंतु ते त्वचेस इतके निश्चितपणे चुरचुरवते की, त्वचादाहाच्या प्रयोगांत संशोधक प्रमाण दाहक द्रव्य म्हणून त्याचाच उपयोग करतात. पुष्कळदा ते नारळाच्या तेलापासून बनवतात. त्यामुळे 'नारळापासून निर्मित' ही वेष्टनावरील ओळ खरी असते, पण तिच्यावरून सौम्यतेचा बोध होत नाही. याच द्रव्याने कर्करोग होतो अशी वदंता १९९० च्या दशकाच्या अखेरीस ई-मेलद्वारे जगभर पसरली होती. तिला वैज्ञानिक आधार नाही. त्याचाच भाऊ शोभेल असे सोडियम लॉरेथ सल्फेट तुलनेने सौम्य असून बहुतेक शाम्पूंत आढळते. त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बिटेन घातल्यास मिश्रण आणखी सौम्य होते. (शाम्पूचा दाटपणा हा उंची मालाचा पुरावा मानण्याचे कारण नाही, पुष्कळदा तो साध्या मिठाने आणलेला असतो.) मात्र हेच बिटेन, मुख्यतः त्यातील अशुद्धींमुळे, काहींना ॲलर्जी आणते, अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ संस्थेने २००४ मध्ये त्यास 'वर्षातील ॲलर्जीकारक' ठरविले होते.

रिठा व शिकेकाई यांतील सॅपोनिन हीदेखील पृष्ठसक्रिय द्रव्येच. शिकेकाई डोळ्यांत गेल्यावर काय होते, हे आमच्या पिढीला सांगावयास नको!

रुग्णालयात आणखी एक प्रकार नित्य वापरात असतो. सेट्रिमाइडसारख्या द्रव्यांवर धन विद्युत्भार असतो, तर साबणावर ऋण. ही दोन्ही एकत्र आल्यास परस्परांना निष्प्रभ करतात. म्हणून साबणाने धुतलेली जखम पाण्याने पुरती स्वच्छ न करता तिच्यावर सेट्रिमाइडयुक्त जंतुनाशक ओतणे व्यर्थ ठरते. घरोघरी ही चूक होते, म्हणून मुद्दाम नमूद करीत आहोत. केसांच्या कंडिशनरमध्येही असेच धनभारित रेणू असतात. ऋणभारित केसांना ते चिकटून राहतात आणि केस मऊ लागतात.

फेसाचे प्रमाण आणि स्वच्छता यांचा थेट संबंध नाही. भांड्यांच्या वडीत प्रक्षालकाबरोबर बहुधा सोडाही असतो. अंगाचा साबण कितीही महाग घेतला तरी ती वडी दिवसातून चार वेळा हाताळणाऱ्या हातांना त्याने उतार पडत नाही. या भगिनींना आम्ही सांगतो ते असे : भांडी घासताना रबरी हातमोजे व त्यांच्या आत सुती मोजे घालावेत, गरम पाणी टाळावे, काम संपताच हात टिपून, किंचित ओलसर असतानाच, पेट्रोलियम जेली किंवा साधे खोबरेल लावावे. परिचारिकांचे हात दिसण्याजोगे मळलेले नसतील, तर साबणापेक्षा अल्कोहोलयुक्त द्रावण त्वचेस कमी त्रासदायक ठरते. भेगांवर ते झोंबते खरे, पण झोंबणे म्हणजे ॲलर्जी नव्हे. आणि तपासणीस येताना घरातील साबण, शाम्पू व भांड्यांच्या वडीची वेष्टने अवश्य सोबत आणावीत.