फेशियलपूर्व त्वचेची तयारी

फेशियलपूर्व त्वचेची तयारी म्हणजे सौंदर्यगृहात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे चेहऱ्यावर उपचार करून घेण्याआधीच्या काही दिवसांत घ्यावयाची काळजी. फेशियलमध्ये सामान्यतः चेहरा स्वच्छ करणे, स्क्रब किंवा सौम्य आम्लाने मृत पेशी काढणे, वाफ देणे, ब्लॅकहेड्स काढणे, मालिश व लेप हे टप्पे असतात. ‘तयारी’ या शब्दावरून काही अधिकचे करावयाचे आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ही तयारी बहुतांशी काही गोष्टी थांबवण्याची आणि उपचार करणाऱ्यास खरी माहिती देण्याची असते.

कारणे

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशी व त्यांना सांधणाऱ्या स्निग्ध द्रव्यांचा बनलेला असतो. तो ओलावा टिकवतो आणि बाह्य पदार्थांना अडवतो. फेशियलमध्ये याच थराची काही प्रमाणात झीज होते. घरगुती उपायांनी किंवा मलमांनी तो आधीच पातळ झालेला असल्यास जळजळ, लाली व साल निघणे असे त्रास होतात.

थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत विस्तारलेल्या वर्गीकरणात बहुसंख्य भारतीयांची त्वचा साधारणतः चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेवर दाह झाल्यास लाली ओसरते, परंतु मागे राहणारे काळपट डाग कित्येक महिने टिकतात. गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा पुरेशा ठरत नाहीत, त्या यामुळेच.

काय थांबवावे

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन किंवा अडापलीन असलेली मलमे साधारणतः पाच ते सात दिवस आधी, तर ग्लायकोलिक व सॅलिसिलिक आम्लयुक्त उत्पादने दोन-तीन दिवस आधी बंद ठेवतात. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र त्यांना विचारूनच थांबवावे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांची त्वचा नाजूक झालेली असते. वॅक्सिंगने ती सोलली जाऊ शकते. वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि ब्लीच फेशियलच्या दिवशीच उरकण्याची पद्धत सोयीची असली, तरी त्वचेच्या दृष्टीने गैर आहे. त्यांत काही दिवसांचे अंतर असावे. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळणे हा निरुपद्रवी समजला जाणारा उपाय तीव्र आम्लाचा आहे, आणि त्यानंतर ऊन लागल्यास डाग पडू शकतात.

स्टेरॉइडयुक्त मलमे

सर्वाधिक सावधगिरी येथे लागते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडे असलेली मलमे रंग उजळण्यासाठी किंवा वांगावर वर्षानुवर्षे वापरली जातात. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असलेली ट्यूब अनेकांना ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणूनच ठाऊक असते. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम बंद करताच चेहरा लाल होऊन आग होते. अशा त्वचेवर वाफ, घर्षण व ब्लीच यांमुळे इजा होण्याचा धोका असतो. असे मलम वापरात असल्यास फेशियल रद्द करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. भारतात २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध घालण्यात आले, तरी ती शेजारपाजाऱ्यांच्या सल्ल्याने आजही घरात येतात.

चाचणी व वेळ

नवीन उत्पादनाचा थोडासा भाग कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून एक-दोन दिवस निरीक्षण करतात. आयुष्यातील पहिले फेशियल हळदीच्या आदल्या दिवशी करणे टाळावे. ते लग्नाच्या किमान तीन-चार आठवडे आधी व्हावे, म्हणजे त्रास झालाच तर त्वचेला सावरण्यास अवधी मिळतो. नुकत्याच घासलेल्या त्वचेवर हळद व उटणे चोळल्यानेही चुरचुर होऊ शकते.

उपचाराच्या दिवशी सौम्य साबणाने चेहरा धुणे पुरेसे असते. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढाव्यात. गर्भारपण, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची माहिती सौंदर्यतज्ज्ञास सुरुवातीलाच द्यावी. ओठांजवळ नागिणीसारखे फोड, उघडी जखम, पिकलेले मुरूम किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असल्यास ती बरी होईपर्यंत उपचार पुढे ढकलतात.