अंधारही खरा हवा!

अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमारास पश्चिमेकडे पाहावे. अक्कलकोट तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या दुधनीसारख्या गावी मोकळ्या आभाळात हे दृश्य विशेष खुलते. चंद्राची बारीक कोर लखलखत असते आणि उरलेला गोल अगदी अंधुक, राखाडी दिसतो. तो उजेड आपल्या पृथ्वीचा! सूर्याचे ऊन पृथ्वीवर पडते, तिथून उसळून चंद्राच्या काळोख्या भागावर जाते.

आज मुले संगणकावर ग्रहांमध्ये यान हाकण्याचे खेळ खेळतात. त्या खेळांतला प्रकाश खरा की खोटा, याची परीक्षा या कोरीवरून घेता येते. कोरीचे पोट नेहमी सूर्याकडे असते. ग्रहाची एक बाजू उजळ, तर दुसरी काळीकुट्ट. पण खरा काळोख दाखवला, तर खेळणाऱ्याला उतरायची जागाच सापडत नाही. म्हणून पुष्कळ खेळांत रात्रीवरही थोडा उजेड शिंपडलेला असतो. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’ने अंधार बराच खरा ठेवला, पण २०१८ मध्ये त्यातल्या यानांना अंधारात पाहण्याची खास सोय द्यावी लागली. उलट २०१६ च्या ‘नो मॅन्स स्काय’ने जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांसारखे रंगीबेरंगी आभाळ पसंत केले.

पौर्णिमेचा चंद्र तर भल्याभल्यांना चकवतो. दिव्यासमोर धरलेला चेंडू कडेला काळवंडतो. पूर्णचंद्र मात्र कडेपर्यंत ताटासारखा सपाट उजळ दिसतो. कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत, धुळीचा आहे. चेंडूचे साधे गणित वापरणाऱ्या खेळातला चंद्र म्हणूनच प्लॅस्टिकचा वाटतो.

अंतराचाही हिशेब आहे. गुरू सूर्यापासून आपल्यापेक्षा पाचपटीहून थोडा अधिक दूर, म्हणून तिथले ऊन आपल्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्शाचे. नेपच्यून तीसपट दूर, तिथे नऊशेवा हिस्सा. तरीही नेपच्यूनची दुपार काळोखी नव्हे. दिवा लावलेल्या खोलीइतका उजेड तिथे असतो.

एवढा काटेकोरपणा खेळात कशाला, असे कुणी म्हणेल. पण अवकाशात ऊन-सावली ही शोभेची गोष्ट नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्रावर उतरले, ते तिथल्या सकाळी. कारण ‘विक्रम’ आणि ‘प्रज्ञान’ उन्हावरच चालणार होते. आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा तो एक दिवस संपत आला, तेव्हा दोघांनाही निद्रिस्त केले गेले. पुढची रात्र भयंकर थंडीची होती. त्यानंतर ते पुन्हा जागे झाले नाहीत.

पडद्यावरची रात्र खोट्या उजेडाने पुसली, तर त्या चौदा दिवसांच्या धडपडीचे मोल मुलांना कसे कळणार?