दोन बोटें अपुरी दोरी

ज्या घरांत दोन-तीन लहान मुलें आहेत, त्या घरांत शांति कोठें शोधावी, हा प्रश्न तरुण मातांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतो. माळ हातीं घ्यावी, तों एकाचें दूध सांडतें. स्तोत्राचा दुसरा श्लोक म्हणावा, तों दुसऱ्याचें रडणें कानीं पडतें. दिवसाअखेर ती माता थकते, मुलांवर ओरडते, आणि मग 'आपली श्रद्धाच उणी' असें मानून मनांतल्या मनांत झुरते. हें झुरणें थकव्याहून वाईट. थकवा झोपेनें जातो. आपण देवापासून दुरावलों ही समजूत मात्र वर्षानुवर्षें घर करून राहते.

शांति म्हणजे निःशब्दता आणि भक्ति म्हणजे आसनावर बसून करावयाची गोष्ट, असें आपण धरून चालतों. आपल्या ग्रंथांची साक्ष निराळी आहे. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधांतील नववा अध्याय पाहावा. यशोदा दहीं घुसळीत आहे, आणि घुसळतां घुसळतां बाळलीला गात आहे. बाळ येऊन रवी धरतो. ती त्याला पाजावयास घेते. इतक्यांत चुलीवरचें दूध उतूं जातें. बाळाला अर्धपोटीं खालीं ठेवून ती धांवते. रागावलेला बाळ दह्याचें मडकें फोडतो आणि आंत जाऊन लोणी खातो. परत आलेली यशोदा तें फुटकें मडकें पाहून प्रथम काय करते? हंसते!

पुढें ती छडी घेऊन त्याच्यामागें लागते. परंतु त्याच्या डोळ्यांतील भय पाहतांच छडी टाकून देते. उखळीला बांधूं जाते, तों दोरी दोन बोटें कमी पडते. दुसरी जोडली, तरी दोनच बोटें कमी. घरांतल्या साऱ्या दोऱ्या संपतात, ती घामाघूम होते, केसांतलीं फुलें गळतात. तेव्हां तिचे श्रम पाहून तो स्वतःच बांधून घेतो. टीकाकारांनीं या दोन बोटांचा अर्थ लावला आहे: एक बोट भक्ताच्या श्रमाचें, दुसरें भगवंताच्या कृपेचें. ब्रह्मदेवाला, शंकराला, लक्ष्मीलाही न लाभलेला प्रसाद हिला लाभला, असें भागवतकार म्हणतात. आणि तो लाभला मुलामागें धांवून दमली असतां.

यशोदेचें गाणें कामांतच गुंफलेलें होतें. पहांटे जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या पणज्यांचेंही तसेंच. आजच्या मातेनें रात्रीं मुलाला थोपटतांना एखादें स्तोत्र हलक्या आवाजांत म्हणावें. मूल निवतें, आणि म्हणणारीही निवते.

मुलाच्या हट्टाला अवज्ञा समजूं नये. आवेग आवरणारा मेंदूचा पुढील भाग विशी उलटल्यावरही पक्व होत असतो, असें आजचें शास्त्र सांगतें. दोन वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा म्हणजे मोहोराकडून फळाची अपेक्षा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास झोप हवी. सायंकाळचा आकांत पुष्कळदां भुकेचा किंवा राहिलेल्या झोपेचा असतो.

आतां आम्हां वडीलधाऱ्यांविषयीं दोन शब्द. सासऱ्यांच्या पूजेच्या वेळीं घरांत आवाज होऊं नये, आणि झाल्यास बोल सुनेस लागावा, ही रीत कांहीं घरांतून अद्याप आहे. वास्तविक पूजेला बसणाऱ्यानेंच एका नातवाला शेजारीं घ्यावें. फुलें वेंचावयास, गंध उगाळावयास द्यावें. चार फुलें चुरगळलीं म्हणून देव रागावत नाहीं. आजोबांनीं तासभर मुलें बाहेर न्यावीं. पित्यानें रात्रीचें निजवणें अधूनमधून आपल्याकडे घ्यावें. त्या मोकळ्या वेळांत काय करावें, हें मातेनेंच ठरवावें. जप केला तरी बरें, नुसती झोप घेतली तरी बरें.

दोरी दोन बोटें अपुरी पडते ती प्रत्येक घरांत. मातेचें बोट तेथें आहेच, दुसरें देवाचें. परंतु देवाचें तें बोट पुष्कळदां घरांतल्याच दुसऱ्या कोणाच्या हाताचें असतें, हें घरानें ओळखावें.